सचित्र पोस्टकार्डाची पाठ

बीडसारख्या जिल्ह्यांत राहून ज्यानें दूरदेशींच्या धबधब्यांचीं चित्रें जमवावींत, त्याला शेजारीपाजारी हंसले तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. ज्या मुलखांत उन्हाळा लागला कीं कित्येक गांवांचें लक्ष टँकरच्या वाटेकडे लागतें, ज्या जिल्ह्याचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा १९७२ च्या नाहीं तर २०१६ च्या दुष्काळाच्या आठवणीबरोबर, तेथें बसून आम्हीं गेलीं कित्येक वर्षें वेस्ट इंडीजमधील लहान लहान बेटांचीं सचित्र पोस्टकार्डें गोळा केलीं आहेत. डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट किट्स, मॉन्टसेरात, मार्टिनिक हीं नांवें आमच्या घरांतील मुलांस पाटोदा-आष्टीइतकीं परिचित झालीं आहेत. बीड जिल्ह्याचा विस्तार सुमारें १०,७०० चौरस किलोमीटरांचा. डॉमिनिका ७५० च्या आंतबाहेर, आणि मॉन्टसेरात तर शंभराच्या जेमतेम वर. म्हणजे आमच्या एखाद्या मोठ्या तालुक्यांत ज्याचा सहज समावेश होईल, अशा बेटाच्या एकेका ओढ्याचें, एकेका सुळक्याचें चित्र जगभर फिरतें. आणि आमच्या अकरा तालुक्यांतील एकाही स्थळाचें कार्ड आमच्या संग्रहांत नाहीं. ही विषमता प्रथम आमच्या लक्षांत आली नव्हती. ती लक्षांत आल्यावर जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

छंदाचें समर्थन करण्यास आम्ही बसलों नाहीं. परंतु सचित्र पोस्टकार्ड ही केवळ मुलांच्या वहींत चिकटविण्याची वस्तु आहे, हा समज आम्हांस मान्य नाहीं. त्यावर चित्र असतें, मथळा असतो, मजकूर असतो आणि तो कोणा एकानें कोणा दुसऱ्यास उद्देशून लिहिलेला असतो. ज्यांत एवढें सर्व आहे त्यास कलाकृतीप्रमाणें कसोटी लावण्यास हरकत कोणती? ती आम्ही येथें लावून पाहणार आहों.

पोस्टकार्डाचा जन्म काटकसरीपोटीं झाला. १ ऑक्टोबर १८६९ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरींत तें प्रथम निघालें, आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याच्या किंमतीस तें हिंदुस्थानांत मिळूं लागलें. पुढें खाजगी छापखान्यांना कार्डावर चित्र छापण्याची मुभा मिळाली. इंग्लंडांत ही गोष्ट १८९४ सालीं घडली. तथापि आरंभीं पाठीची सबंध बाजू पत्त्याकरितां राखलेली असे, आणि मजकूर चित्राच्याच कडेला कोठें तरी दाटीनें लिहावा लागे. १९०२ सालीं इंग्लंडच्या टपालखात्यानें पाठीचे दोन भाग करण्यास परवानगी दिली : उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या नियमानें कार्डाचें रूप पालटलें. चित्रास सबंध दर्शनी बाजू मिळाली, आणि माणसाचे शब्द पाठीमागें गेले. आमच्या मतें ह्या कलेचे गुण आणि दोष दोन्ही ह्या विभागणींतून निघाले आहेत.

आमच्याकडेही ही लाट आली होती. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीनें त्या शहराच्या देखाव्यांचीं कार्डें काढलीं, आणि रविवर्म्याच्या छापखान्यानें देवादिकांचीं चित्रें कार्डावर आणून तीं घरोघर पोंचविलीं. परंतु कार्डें तेथेंच निघतात जेथें पाहुणा येतो आणि 'आम्ही येथें येऊन गेलों' असें घरीं कळवूं इच्छितो. वेस्ट इंडीजमध्यें पाहुणे आगबोटींनीं आले. जमैकासारख्या बेटावरून केळीं नेणाऱ्या बोटीच परततांना प्रवासी घेऊन येऊं लागल्या. बीड शहरास आगगाडी पोंचली ती सप्टेंबर २०२५ मध्यें! १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेला, घाटमाथ्यावर बसलेला, रुळांपासून दूर असा हा मुलूख चित्रकार्डांच्या काळांत कोणा प्रवाशाच्या वाटेवर नव्हता. आमच्या संग्रहांतील रिकाम्या पानाचें साधें कारण हें असें आहे. आमच्या डोंगरांत पाहण्याजोगें कांहीं नव्हतें असें नव्हे.

आतां कार्डाच्या दर्शनी बाजूकडे वळूं. गुण आधीं सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे. सेंट लुसियाचे पेती आणि ग्रो पिताँ हे दोन सुळके समुद्रांतून सरळ सातआठशें मीटर उभे राहिले आहेत. अशी अरुंद कार्डाच्या चौकटींत बसणारी रचना निसर्गानें मुद्दाम करून ठेवावी तशी केली आहे. डॉमिनिकाच्या ट्रॅफल्गार धबधब्याच्या दोन धारा आहेत; तेथील लोक एकीला 'बाप' व दुसरीला 'आई' म्हणतात. त्याच बेटावर डोंगरांत एक तळें आहे, त्याचें पाणी भूगर्भांतील उष्णतेनें उकळत असतें. ज्या बेटाच्या अंतर्भागांत वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथील हिरवा रंग, ज्यांच्या वांट्यास सातशेंच्या आसपास पाऊस येतो त्यांनीं पाहिला म्हणजे डोळे निवतात, हें आम्ही अनुभवानें सांगतों. चैत्रांतल्या दुपारीं आम्हीं हीं कार्डें पंख्यासारखीं हातांत धरून पाहिलीं आहेत.

परंतु शंभर कार्डें ओळीनें मांडून पाहिलीं म्हणजे निराळीच गोष्ट दिसूं लागते. निरनिराळ्या बेटांचे धबधबे जणूं एकाच कारागिरानें घडविले आहेत : मध्यें पांढरी धार, दोहों बाजूंस नेचे, पुढें एक ओला खडक. समुद्रकिनारा असला तर डाव्या बाजूनें एक माड वांकून आंत येतो. पहिल्या महायुद्धापूर्वीं अशीं पुष्कळ कार्डें जर्मनींत छापलीं जात. छायाचित्र काळें-पांढरें जाई, आणि ज्यानें तें बेट जन्मांत पाहिलें नाहीं असा रंगारी त्यास रंग देई. मग आकाश सर्व बेटांवर सारखेंच निळें झालें तर नवल कसलें? हा केवळ छापखान्याचा दोष नव्हता. क्रिस्टा थॉम्पसन ह्या विदुषींनीं 'ॲन आय फॉर द ट्रॉपिक्स' ह्या २००६ सालच्या ग्रंथांत जमैका व बहामा ह्या बेटांपुरतें असें दाखविलें आहे कीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकार, हॉटेलवाले व छायाचित्रकार ह्यांनीं मिळून ह्या प्रदेशाचें एक ठराविक रूप तयार केलें. आणि पुढें तेथील भूमीलाच त्या चित्रांबरहुकूम नटावें लागलें. चित्र स्थळासारखें असावें हा नियम. येथें स्थळानें चित्रासारखें व्हावें असा उलटा नियम झाला.

मथळ्यांचीही तीच कथा आहे. सेंट किट्सच्या सर्वांत उंच डोंगराचें नांव जुन्या कार्डांवर 'माउंट मिझरी', म्हणजे दैन्याचा डोंगर, असें आढळतें. १९८३ सालीं तें बेट स्वतंत्र झालें तेव्हां त्या डोंगराला 'लियामुइगा' हें तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतील नांव मिळालें. त्याचा अर्थ सुपीक भूमि असा सांगतात. डोंगर तोच, उंचीही तीच. एका मथळ्यांत दैन्य, दुसऱ्यांत सुपीकता. ज्याच्याजवळ एकच कार्ड आहे त्याला एकच डोंगर ठाऊक होतो. संग्रहाचा खरा उपयोग आहे तो येथें : दोन कार्डें शेजारीं ठेवलीं म्हणजे तीं एकमेकांची साक्ष तपासूं लागतात.

ही गोष्ट आम्हांस ग्रंथांवरून कळली असती तर बरें झालें असतें. परंतु ती कळली एका ऊंसतोड कामगाराकडून. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील कारखान्यांवर ऊंस तोडण्यास जातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' असा तेथें हिशोब असतो; मुकादमाकडून आधीं उचल घ्यायची आणि पुढें कोपींत राहून ती फेडायची, हा तेथील क्रम. अशा एका टोळींतून परतलेला आमच्या ओळखीचा एक गृहस्थ कांहीं कागद वाचून घेण्यास आमच्या घरीं आला होता. मुलांनीं हौसेनें त्याच्यापुढें कार्डांची वही मांडली. धबधब्यांवरून त्यानें पानें भराभर उलटलीं. सेंट किट्सच्या एका कार्डावर मात्र तो थांबला. मागें ढगांत गेलेला डोंगर, पुढें उंसाचें रान, असें तें चित्र. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "गुरुजी, ऊस तर आपल्यावानीच हाय. पर ह्याला तोडायला माणसं कुठंशी हायती?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या संग्रहांत नव्हतें. आम्हीं तें कार्ड दहा वर्षें जवळ बाळगलें होतें. त्यांतील डोंगराची उंची, छपाईची पद्धत, सारें आम्हांस ठाऊक होतें. परंतु हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता. आणि ह्या बेटांचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नांत आहे. तेथील ऊंस आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांनीं तोडला. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें बंद झाली, आणि चार वर्षांनीं गुलाम खरोखर मोकळे झाले; तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले मजूर नेले. त्रिनिदादला त्यांचें पहिलें जहाज १८४५ सालीं लागलें. ग्रेनाडा, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट ह्या लहान बेटांवर तीं त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत गेलीं. त्या वाटेनें गेलेले बहुतेक लोक गंगेकांठचे किंवा तमिळ देशाचे होते. आपलीं मराठी माणसें त्याच प्रकारच्या करारावर मुंबईहून मॉरिशसच्या उंसांत गेलीं, आणि त्यांचे वंशज आजही तेथें आपली भाषा व गणपति सांभाळून आहेत. सेंट किट्सनें तर तीन शतकांहून अधिक काळ ऊंस पिकवून २००५ सालीं साखरेचा धंदा बंद केला. उंसाच्या वाहतुकीसाठीं घातलेल्या लोहमार्गावरून आतां प्रवाशांस बेटाचे देखावे दाखविणारी गाडी धांवते. 'निसर्गसौंदर्य' म्हणून जें कार्डावर छापलें जातें, त्याच्या पायथ्याशीं असा घाम मुरलेला आहे; आणि चौकट धरतांना नेमका तोच भाग बाहेर ठेवलेला आहे.

सेंट लुसियाचे कवि डेरेक वॉलकॉट ह्यांना १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या प्रसंगींच्या भाषणाचा आरंभ त्यांनीं त्रिनिदादमधील फेलिसिटी ह्या खेड्यांत हिंदी मजुरांचे वंशज करीत असलेल्या रामलीलेपासून केला, आणि पुढें प्रवासी-पत्रकांतील बेटांच्या गोंडस चित्राबद्दल तीव्र असमाधान प्रकट केलें. ज्या कवीला आपल्या बेटाचें सौंदर्य शब्दांत मांडण्यास आयुष्य अपुरें वाटलें, त्याला तें सौंदर्य एका चकचकीत कार्डांत संपलेलें पाहून काय वाटलें असेल, ह्याची कल्पना रसिकांस सहज येईल.

इतकें झाल्यावर कोणी म्हणेल कीं, मग हीं कार्डें अडगळींत टाकावीं. आम्हीही एकदां त्या विचारापर्यंत आलों होतों. परंतु आमच्या वहींत मॉन्टसेरातच्या 'ग्रेट आल्प्स' नांवाच्या धबधब्याचें एक कार्ड आहे. त्यानें आमचा हात थांबविला. १८ जुलै १९९५ रोजीं त्या बेटावरील सूफ्रीएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला. १९९७ पर्यंत प्लिमथ हें राजधानीचें शहर राखेखालीं गेलें, बेटावरील बहुसंख्य लोकांस देश सोडावा लागला, आणि हा धबधबाही त्याच उद्रेकांत गाडला गेला. आज तेथें जाऊन तो पाहतां येत नाहीं; आमच्या चार इंचांच्या कागदावर मात्र तो पडतो आहे. मार्टिनिकमधील सेंट-पिएर शहराची गोष्ट ह्याहून भयंकर. ८ मे १९०२ रोजीं माँ पले पर्वताच्या स्फोटानें तें शहर कांहीं मिनिटांत भस्म झालें. सुमारें अठ्ठावीस हजार माणसें मेलीं. पुढें त्या भग्नावशेषांचींही कार्डें निघालीं आणि तीं हातोहात खपलीं. ज्या कलेनें माणसें चौकटीबाहेर ठेवलीं, तिनेंच त्यांच्या घरांचे कोसळलेले उंबरठे विकण्यास काढले, हें वाचून कोणासही संताप येईल. तरीही जळण्यापूर्वींचें सेंट-पिएर कसें होतें, हें आज पाहावयाचें तर इतर चित्रांबरोबर ह्या कार्डांकडेही वळावें लागतें. खोटें बोलणारा साक्षीदार एकटाच जिवंत राहिला असेल तर न्यायाधीश त्याला हांकलून देत नाहीं. त्याची उलटतपासणी करतो. आम्हांस वाटतें, कार्डांच्या संग्राहकानें हेंच करावें.

आणि ही उलटतपासणी करण्याचें साधन त्या कार्डावरच असतें : त्याची पाठ. दर्शनी चित्र हजारों प्रतींत एकच असतें. पाठ मात्र प्रत्येक कार्डाची निराळी. तेथें टपालाच्या शिक्क्यांत दिवस असतो, तिकिटावर राजाचें किंवा राणीचें डोकें असतें, आणि डावीकडे माणसाचें अक्षर असतें. आमच्याजवळील एका सुंदर सरोवराच्या पाठीवर, पाऊस थांबत नाहीं आणि मोजे वाळत नाहींत, एवढीच तक्रार आहे. दुसऱ्या एका कार्डाची पाठ कोरी आहे. तें कोणीं विकत घेतलें, पण कोणास धाडलें नाहीं. बाजारांत अशा कोऱ्या कार्डास 'स्वच्छ' म्हणून अधिक भाव मिळतो. आमच्या मतें हा उलटा न्याय आहे. लिहिलेलें कार्ड हें पत्र आहे; कोरें कार्ड हा नुसता माल आहे.

आतां आमच्या वहींतील रिकाम्या पानाकडे परत येऊं. बीडपासून मांजरसुंब्याच्या बाजूस बालाघाटाच्या कुशींत कपिलधार आहे. श्रावण-भाद्रपदांत तेथें कड्यावरून पाणी कोसळतें. परंतु कार्तिकी पौर्णिमेस तेथें जो मेळा भरतो तो धबधब्यासाठीं नव्हे; 'परमरहस्य' हा ग्रंथ लिहिणारे मन्मथस्वामी ह्यांची तेथें समाधि आहे, म्हणून. पाटोदा तालुक्यांत सौताड्याला विंचरणा नदी खोल दरींत उडी घेते. दरीच्या तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे, आणि लोक 'रामेश्वराला जाऊन आलों' असें म्हणतात. त्याच तालुक्यांत नायगांवचें मोरांचें अभयारण्य आहे. आमच्या लोकांनीं पाणी नुसतें 'देखावा' म्हणून क्वचितच पाहिलें. पाण्यापाशीं कोणी तरी बसलेला असे, देव नाहीं तर संत, आणि त्याच्या निमित्तानें पाण्याचें दर्शन घडे.

स्थळ कसें टिपावें ह्याची आपली एक जुनी रीतही आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'मध्यें श्रीचक्रधरांनीं ज्या ज्या स्थळीं वास केला त्या स्थळांची नोंद आहे : देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, ओटा कोठें. त्यांत एकही चित्र नाहीं आणि देखाव्याचें वर्णन जवळजवळ नाहीं. तरी ती जागा शोधीत जाणाऱ्यास पुरे पडेल इतकी नेमकी माहिती आहे. त्या पोथीला आम्ही पाठीच्या बाजूचें वाङ्मय म्हणूं : दर्शनी चित्र मुळींच नाहीं, सगळा पत्ता आणि सगळा मजकूर. तिच्यांत दोष नाहींत असें नाहीं. पाण्याचा रंग, कड्याची उंची, झाडांची दाटी ह्यांविषयीं ती मुकी आहे. आणि ज्याला केवळ डोळ्यांचें सुख हवें त्याला ती कांहींच देत नाहीं. कार्डानें नुसतें रूप ठेवलें, पोथीनें नुसतें ठिकाण. दोहोंपैकीं एकावर भागवावें असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून आम्हीं आमच्या वहीपुरता एक फेरफार केला आहे. बेटांचीं कार्डें आम्ही आतां चिकटवीत नाहीं. कोपरे अडकवून ठेवतों, म्हणजे पान न फाडतां पाठ पाहतां येते. प्रत्येक कार्डाशेजारीं चौकटीबाहेर काय राहिलें तें दोन ओळींत लिहितों. सेंट किट्सच्या कार्डाशेजारीं त्या गृहस्थाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहिला आहे. आणि रिकाम्या पानावर गेल्या भाद्रपदांत आमच्या मुलानें काढलेलें कपिलधारेचें एक छायाचित्र लावलें आहे. चित्र म्हणून तें सामान्यच आहे; धार थोडी तिरपी आली आहे आणि कडेला पाण्याची घागर घेतलेली एक बाई चुकून चौकटींत आली आहे. मुलगा ती बाई कापून टाकण्यास निघाला होता. आम्हीं कापूं दिली नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं चित्रें असतील, मग तीं सौताड्याचीं असोत वा आंबोलीचीं, त्यांना आमची एकच विनंति आहे. त्यांच्या पाठीवर महिना लिहून ठेवावा, त्या दिवशीं पाणी किती होतें तें लिहावें, आणि चित्रांत जीं माणसें असतील तीं कोठून आलीं व काय करीत होतीं हें विचारून नोंदवावें. आमच्या जिल्ह्यांत धबधबा वर्षांतून तीनचार महिनेच असतो. दिवाळीनंतर तेथें कोरडा कडा उरतो आणि कड्याखालच्या गांवांतील पुष्कळ घरांना कुलूप लागलेलें असतें. श्रावणांतील चित्राच्या पाठीवर हें लिहिलेलें नसेल, तर तें चित्रही त्या परक्या कार्डांइतकेंच अपुरें राहील.